मामाचा जॉन्सन, आईचा जॉन्सन

टेक्सासमधल्या ऑस्टिनला विद्यापीठाच्या आवारात लिंडन जॉन्सन यांचं ग्रंथालय आहे. जॉन्सन म्हणजे 1963 ते 1969 या वर्षांतले अमेरिकेचे अध्यक्ष. दहा मजली, फिकट दगडाची, बाहेरून बघितलं तर खिडक्या जवळजवळ नसलेली इमारत. आतला रुंद जिना चढून वर आलं की समोर चार मजले उंच काच लागते, आणि काचेमागे ओळीनं मांडलेली हजारो लाल खोकी. प्रत्येक खोक्यावर अध्यक्षांची सोनेरी मुद्रा. पत्रं, टिपणं, तारा, बैठकांची इतिवृत्तं, असे साडेचार कोटी कागद इथे जपलेले आहेत.

आई त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आप्पांचं दुकान आठवलं."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. बार्शीच्या एका आडत दुकानात ते दिवाणजी होते. त्यांच्या गादीमागे लाल खारव्याच्या बांधणीतल्या चोपड्या रांगेनं उभ्या असायच्या. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. दिवेलागणीला सगळी हमाल मंडळी गेली की आप्पा टाक शाईत बुडवून दिवसभराच्या नोंदी रोजकीर्दीतून खतावणीत उतरवायला बसायचे. आईला ते सगळं लख्ख आठवतं, कारण संध्याकाळचा चहा घेऊन तीच जायची.

मामा शेजारी उभा होता. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो काचेकडे बघत म्हणाला, "बेबी, यातल्या एका कागदामुळं मी इथं आहे."

"आणि दुसऱ्या एका कागदापायी मी कंट्रोलच्या दुकानापुढं उभी होते, दादा," आई म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीची, मार्चअखेरची ही गोष्ट. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. मामा ह्यूस्टनहून चार दिवस राहायला आला होता. जॉन्सन या माणसावरून त्या दोघांचा वाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आधी पत्रांतून, मग फोनवर. त्या दिवशी तो पहिल्यांदा जॉन्सन यांच्याच घरात झाला, आणि मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

मामाची बाजू आधी सांगते. 1924 च्या कायद्यानं अमेरिकेनं आशियाची दारं जवळजवळ बंद केली होती. 1946 मध्ये ट्रूमन यांनी सही केलेल्या कायद्यानं भारताला वर्षाला 100 माणसांचा वाटा मिळाला. सबंध देशातून शंभर. तोही मोठा विजय मानला गेला, कारण 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्रच नाही असा निकाल दिलेला होता. मग 3 ऑक्टोबर 1965 ला न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी टेबल मांडून जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. वंश आणि जन्मदेश बघून दिला जाणारा वाटा गेला. पूर्व गोलार्धातल्या कुठल्याही देशाला वर्षाला 20,000 पर्यंतची मर्यादा आली, शिक्षण आणि नातं बघितलं जाऊ लागलं.

मामा 1969 मध्ये आला. सांगलीला इंजिनिअर झालेला, मुंबईत दोन वर्षं नोकरी केलेला, पंचवीस वर्षांचा मुलगा. ब्रीच कँडीला समुद्राकाठी अमेरिकन वकिलातीची जी इमारत होती तिचं नाव लिंकन हाऊस. तिथल्या रांगेत तो पहाटेपासून उभा होता. "लिंकनच्या दारातनं जॉन्सनच्या सहीवर आलो," असं तो सांगतो आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा जड होतो. खिशात आठ डॉलर होते. त्या वेळी भारतातून निघणाऱ्याला तेवढेच मिळायचे. त्याच्या मागोमाग त्याची बायको, मेहुणा, मेहुण्याची बहीण, आणि बऱ्याच वर्षांनी शिकायच्या निमित्तानं मी. 1960 च्या सुमारास भारतात जन्मलेली जेमतेम बारा हजार माणसं या देशात होती. आज इथल्या प्रत्येक मोठ्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, शनिवारी मराठी शाळा भरते. त्या शाळेत बाराखडी गिरवणाऱ्या पोरांच्या पाठीमागे तो एक कायदा आहे.

गंमत नाही, पण मला नेहमी खटकणारी गोष्ट अशी की जॉन्सन यांना यातलं काहीही अपेक्षित नव्हतं. सही करताना ते म्हणाले होते की हे काही क्रांतिकारी विधेयक नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. नात्यागोत्याला प्राधान्य देण्याचं कलम तर अशासाठी घातलं होतं की आधी युरोपातून आलेल्यांचेच नातलग येत राहतील आणि देशाचा चेहरा तसाच राहील. झालं उलट. मग आमचं इथे असणं हे त्यांचं कर्तृत्व म्हणायचं का? मामा म्हणतो, "विहीर खणणाऱ्यानं कोण पाणी पिणार याची यादी केली नव्हती, म्हणून विहीर त्याची नाही असं होतं का?" मला हे पटतं. पण मग अपेक्षित नसलेल्या वाईटाचं काय, हाही प्रश्न तिथेच उभा राहतो.

आता आईची बाजू.

1965 ला पाऊस गेला, 1966 ला पुन्हा गेला. आई तेव्हा सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गात. बार्शीकडची माणसं मालदांडी ज्वारीवर वाढलेली. पांढरी शुभ्र भाकरी, टम्म फुगणारी. ती ज्वारी बाजारात दिसेनाशी झाली. धान्याच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या घरात धान्य नव्हतं, कारण हिशेब दुसऱ्याच्या पोत्यांचा होता. मग कंट्रोलचं दुकान, रेशनकार्ड, आणि अमेरिकेतून आलेला लाल गहू. नंतर मिलो. मिलो म्हणजे तांबड्या दाण्याची अमेरिकन ज्वारी. आई सांगते, पीठ उकळत्या पाण्यात कितीही मळलं तरी भाकरी थापताना कडेला तडकायची. तव्यावर टाकायला उचलली की हातातच दोन तुकडे. रंग विटकरीसारखा. आजी रात्री चिमणीच्या उजेडात मिलो निवडायची, खडे आणि किडे वेगळे काढायची, आणि एक शब्द बोलायची नाही. आई म्हणते, तिचं ते न बोलणं मला भाकरीपेक्षा जास्त लागायचं.

रांगेत लोक विचारायचे, "जॉन्सनची आगबोट लागली का?" आप्पा एक दिवस शिळं वर्तमानपत्र आणून मोठ्यानं वाचायचे, त्यात हे नाव यायचं, म्हणून सोळा वर्षांच्या मुलीलाही ते ठाऊक होतं.

त्या आगबोटींची खरी हकीकत मी फार उशिरा वाचली. अमेरिकेचं जास्तीचं धान्य रुपयांत विकत देणारा पीएल 480 हा कायदा 1954 चा, आयझेनहॉवर यांच्या काळातला. आधी त्याचे करार दीर्घ मुदतीचे असत. जॉन्सन यांनी 1965 पासून ते थांबवले आणि गहू थोडा थोडा सोडायचं ठरवलं, पुढचा हप्ता स्वतः मंजूर करतील तेव्हा. वॉशिंग्टनमधले अधिकारीच या धोरणाला आखूड दावं म्हणत. जनावराला खुंट्याला जवळ बांधतात तसं. भारतात कुठे किती पाऊस पडला याची माहिती ते स्वतः मागवत. भारतानं शेतीवर पैसा खर्च करावा, सुधारित बियाणं आणावं, खतं वापरावीत, हा त्यांचा आग्रह होता. शिवाय हनोईवरच्या बॉम्बफेकीवर दिल्लीनं टीका केली की त्यांना ती झोंबायची, आणि जहाजं लांबायची. बंदरातलं धान्य थेट तोंडात जात होतं, साठा असा नव्हताच. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडा म्हणून सांगितलं ते याच दिवसांत. आप्पांनी तो नेम शेवटपर्यंत पाळला.

दुसरी बाजूही लिहायलाच हवी, नाहीतर मी मामाशी खोटं वागेन. 1966 मध्ये अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भारतात आला. तो आला नसता तर दुष्काळातल्या बिहारमध्ये काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. शेतीवर भर द्यायला आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनाही हवंच होतं, नोव्हेंबर 1965 मध्ये रोमला त्यांचा आणि अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांचा तसा करारही झाला. पुढच्या वर्षी मेक्सिकोतून 18,000 टन बियाणं आलं आणि हरितक्रांती उभी राहिली. मामा म्हणतो, जॉन्सनसाहेबांनी दावं आवळलं म्हणून आपण उभे राहिलो. आई म्हणते, "ज्याच्या गळ्यात दावं होतं त्याला विचार." मी इथे आईच्या बाजूनं आहे. भुकेल्या माणसाला शिस्त लावण्यासाठी त्याचं ताट मागे ओढणं मला कुठल्याही चांगल्या परिणामानं क्षम्य वाटत नाही. धान्य द्यायचं आणि अटी बोलणीच्या टेबलावर घालायच्या, हे करता आलं असतं.

संध्याकाळी घरी आलो. मी जॉन्सन यांचं फोनवरचं एक जुनं संभाषण लावलं. आपले फोन ते ध्वनिमुद्रित करून ठेवत. पन्नास वर्षं उघडायच्या नाहीत म्हणून सांगून ठेवलेल्या त्या टेप्स 1990 च्या दशकात खुल्या व्हायला लागल्या, आता कुणालाही ऐकता येतात. तारीख 27 मे 1964. अजून अमेरिकन फौजा मोठ्या संख्येनं व्हिएतनाममध्ये उतरायच्या होत्या. आपले सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना ते त्या रुंद टेक्सन हेलात सांगत आहेत की हे लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही, आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही.

मी कितीदा ऐकलं असेल, पण प्रत्येक वेळी पोटात कालवतं. माणसाला माहीत होतं. ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातातल्या चकमकीचं निमित्त करून त्यांनी सिनेटकडून युद्धाची मोकळीक घेतली, 88 विरुद्ध 2 मतांनी. 1968 पर्यंत तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. वॉशिंग्टनच्या काळ्या दगडाच्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांवर नावं कोरलेली आहेत, आणि व्हिएतनामच्या मेलेल्या लाखो माणसांची तशी एक भिंतही नाही.

टेप संपली तेव्हा मामा म्हणाला, "माझाही नंबर होता."

आईला कळलं नाही. मलाही नाही.

मग त्यानं सांगितलं. इथे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर आलेल्या तरुणालाही सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवावं लागायचं. नागरिक नसला तरी. मामा आला आणि महिन्याभरात त्यानं भरती मंडळाच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवलं, खिशात ते कार्ड बाळगायला लागला. 1 डिसेंबर 1969 च्या रात्री चिठ्ठ्या निघाल्या. तेव्हा निक्सन अध्यक्ष होते, पण लढाई जॉन्सन यांनीच त्या थराला नेलेली. काचेच्या मोठ्या बरणीत 366 निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. ज्या क्रमानं तारीख निघेल त्या क्रमानं त्या तारखेला जन्मलेल्यांना बोलावणं. 1944 ते 1950 या वर्षांत जन्मलेल्या सगळ्यांसाठी. मामा 1944 च्या नोव्हेंबरातला. ह्यूस्टनमधल्या भाड्याच्या खोलीत चार मुलं एका टीव्हीपुढे बसली होती. पहिली कुपी 14 सप्टेंबरची निघाली. खोलीतल्या एकाचा तोच वाढदिवस. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि सोडूनच ठेवला.

मामाचा आकडा तीनशेच्या वर आला. पुढच्या वर्षी 195 पर्यंतच बोलावणी गेली.

"आप्पांना लिहिलं नाहीस," आई म्हणाली. "काय लिहिणार?" मामा म्हणाला. "ज्यानं आत घेतलं त्यानंच रणांगणावर धाडायचा घाट घातलाय, असं?" आई त्याच्याकडे बघत राहिली. बार्शीत तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की दादा सुखाच्या देशात गेला. मिलोच्या रांगेत उभ्या असलेल्या बहिणीला भावाचा थोडा हेवाही वाटत होता, हे तिनं मला रात्री झोपताना सांगितलं. त्याला नाही सांगितलं.

तरी मामा जॉन्सनसाहेबच म्हणतो. मला हे समजायला वेळ लागला.

या देशात माजी अध्यक्षांवरचे वाद सतत चालू असतात. प्रिन्स्टन विद्यापीठानं 2020 मध्ये आपल्या एका महाविद्यालयावरून विल्सन यांचं नाव काढलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या दालनातून जेफरसन यांचा पुतळा हलवला. सी-स्पॅन ही वाहिनी इतिहासकारांकडून अध्यक्षांना गुण देववते, दहा विषयांत, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे. ग्रँट 2000 साली तेहेतिसावे होते, 2021 मध्ये विसावे झाले. विल्सन सहाव्यावरून तेराव्यावर घसरले. जॉन्सन मात्र दर वेळी दहावे किंवा अकरावे. न्याय आणि समतेच्या विषयात लिंकन यांच्या खालोखाल, परराष्ट्र संबंधांत पार तळाकडे, आणि सगळ्याची सरासरी काढून दहावे-अकरावे. ही सरासरी मला मान्य नाही. आप्पांच्या खतावणीत प्रत्येक नावाचं पान वेगळं असायचं. वैरागच्या शेतकऱ्याची जमा पांगरीच्या शेतकऱ्याच्या नावे टाकून बेरीज जुळवली तर दिवाणजीला दुकानातून हाकलून देतील. अलाबामातल्या सेल्मा गावच्या कृष्णवर्णीय माणसाला मतदानाचा हक्क मिळाला ही जमा कुणाच्या पानावर आहे आणि व्हिएतनाममधलं जळलेलं गाव कुणाच्या, हे न बघता दोन्हींची वजाबाकी करायला आपण कोण?

हे मी एका माणसाकडून शिकले. मार्टिन ल्यूथर किंग. 6 ऑगस्ट 1965 ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली तेव्हा ते तिथे होते, सहीच्या पेनांपैकी एक जॉन्सन यांनी त्यांच्या हातात दिलं. आणि 4 एप्रिल 1967 ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्याच किंग यांनी जॉन्सन यांच्या युद्धाविरुद्ध उभं राहून भाषण केलं. भलेभले मित्र तुटले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, व्हाइट हाऊसचं दार बंद झालं. त्यांच्या माणसांना ज्यानं हक्क दिले त्याच्याबद्दल गप्प बसणं सोपं होतं. बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला, त्यांना गोळी घालण्यात आली.

"हक्क दिले" असं मी आत्ता लिहिलं, आणि माझ्या शेजारच्या बाईंनी ते वाचलं असतं तर मला थांबवलं असतं. त्या ऐंशीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका, पूर्व टेक्सासमध्ये वाढलेल्या. त्यांच्याकडे बिस्किटाच्या जुन्या डब्यात आईच्या पोल टॅक्सच्या पावत्या आहेत. मत द्यायचं तर आधी कर भरायचा, टेक्सासमध्ये पावणेदोन डॉलर. दुसऱ्यांची धुणी धुणारी बाई वर्षभर नाणी साठवून ते पावणेदोन डॉलर भरायची. पावत्या पिवळ्या पडल्यात, घड्यांवर विरल्यात. बाईंनी एक माझ्या तळहातावर ठेवली होती, वजनच लागलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यानं दिलं म्हणू नकोस. आम्ही त्याला द्यायला लावलं. पण लावणारे पुष्कळांच्या दाराशी गेले होते, उघडलं त्यानं. एवढं म्हण."

हे अगदी खरं आहे. 1937 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेल्यापासून वीस वर्षं जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत दिलं. 1948 मध्ये सिनेटची पक्षांतर्गत निवडणूक ते 87 मतांनी जिंकले, आणि ती मतं दक्षिण टेक्सासच्या अ‍ॅलिस गावातल्या तेराव्या पेटीतून मागाहून निघाली. 202 नावं, एकाच शाईत, वर्णानुक्रमानं लावलेली. असा माणूस देशाच्या इतिहासातला सर्वांत कणखर मतदान कायदा आणतो. 7 मार्च 1965 ला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांची डोकी फोडली आणि आठवड्यानं जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. त्या भाषणात त्यांनी कोटुला गावची आठवण सांगितली. 1928 मध्ये तिथे मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवायला ते गेले होते, वय वीस. मुलं न जेवता शाळेत यायची. लोक आपला तिरस्कार का करतात हे त्यांना कळायचं नाही, पण करतात हे कळायचं, ते डोळ्यांत दिसायचं. त्या मुलांना मदत करण्याची संधी आपल्याला मिळेल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं, आता मिळाली आहे, आणि ती मी वापरणार आहे, असं ते म्हणाले. हे भाषण मी ढोंग मानत नाही. उपाशी मुलांचे डोळे सदतीस वर्षं लक्षात ठेवणारा माणूस पुढच्याच वर्षी आमच्याकडची आगबोट रोखून धरतो, आणि मला दोन्ही माणसं खरी वाटतात.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. लिंकन यांना जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. अध्यक्षाच्या नावे अर्पण करणं किती सोपं होतं. जोतीरावांनी लोकांच्या नावे लिहिलं. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते शेजारच्या बाईंनी मला पावती हातावर ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जॉन्सन यांच्या रँचवर गेलो. ऑस्टिनच्या पश्चिमेला तासा-सव्वातासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना निळी ब्लूबॉनेट फुललेली. वाटेत मामानं त्याच्या ह्यूस्टनच्या शेजाऱ्याची गोष्ट काढली. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातला अधिकारी, युद्धानंतर बरीच वर्षं छावणीत काढून आलेला. बेलेअर बुलेव्हार्डवर त्याचं दुकान होतं. घरात अजून पिवळा झेंडा, तीन लाल पट्ट्यांचा. मामानं एकदा त्याच्यापुढे जॉन्सन यांनी युद्ध केलं ही चूक असं म्हटलं, तर तो शांतपणे म्हणाला, "आलात ही चूक तुमची. सोडून गेलात ही आमची शिक्षा." त्याचं पानही वेगळंच.

रँचवर पेडर्नालिस नदीच्या काठी ओकच्या झाडांखाली छोटं कौटुंबिक स्मशान आहे, कमरेएवढ्या दगडी कुंपणात. जॉन्सन इथे जवळच जन्मले आणि इथेच 22 जानेवारी 1973 ला गेले, चौसष्टाव्या वर्षी. पाचच दिवसांनी, 27 जानेवारीला, पॅरिसला व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी सक्तीची भरती संपल्याचं जाहीर झालं. मामानं टोपी काढली आणि कुंपणापाशी उभा राहिला. गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यानं मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, करून घेतलेली, जॉन्सन यांच्याच कायद्यावर, म्हणून काठी न घेता उभा होता. आईनं नमस्कार केला नाही. पाठही फिरवली नाही. भावाच्या शेजारी, त्याच्याइतकाच वेळ उभी राहिली.

परतताना गाडीपाशी ती एकदम थांबली. रस्त्याच्या कडेला कोवळी रोपं होती, कोथिंबिरीसारखी कातरलेली पानं, वर बारीक पांढरी फुलं नुकती धरलेली. ती खाली वाकली, एक पान चुरगळलं, वास घेतला.

"गाजर गवत. हे इथं?"

मी फोनवर शोधलं. हे झाड मूळचं इथलंच, मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या मुलखातलं. बार्शीला सगळे म्हणायचे, अजून म्हणतात, की अमेरिकेच्या गव्हातून हे आलं. शेतं खाल्ली, बायकांच्या हातांना खाज आणली, आप्पांच्या दम्यालाही तेच कारण असं आईचं पक्कं मत. आयुष्यभर तिनं ते जॉन्सन यांच्या नावावर धरलं होतं. मी तिला सांगितलं की पुण्याला ते 1950 च्या दशकातच दिसलं होतं, जॉन्सन अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी.

आईनं हात झटकले, रुमालानं पुसले.

"मग एवढं त्याच्या नावावरनं खोड," ती म्हणाली. "गहू राहू दे."